शिंपला घडतो कसा

शिंपला म्हणजे मृदुकाय प्राण्याने स्वतःच्या अंगाबाहेर उभारलेले खनिजाचे घर. तिसऱ्या, कालवे, शिनाणे, शंख, कवड्या, गोगलगायी हे सारे याच एका प्राणिसंघातले. त्यांच्या कवचाचा ९५ ते ९९ टक्क्यांपर्यंतचा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. खडू आणि संगमरवर याच संयुगाचे बनलेले असतात. कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या शिंपले भाजून चुना काढला गेला तो याच कारणाने. राहिलेला अगदी थोडा भाग प्रथिने, कायटिन आणि शर्करायुक्त रेणूंचा असतो, आणि कवचाचे बरेचसे गुण त्या थोड्या भागावर अवलंबून असतात. सजीवाने आपल्या पेशींच्या ताब्यात राहून खनिज घडवण्याच्या या क्रियेला जैवखनिजीकरण म्हणतात. आपली हाडे, दात आणि कोंबडीच्या अंड्याचे कवच हेही जैवखनिजीकरणच. पण या क्रियेचा अभ्यास करायला मृदुकाय प्राण्यांइतका सोयीचा गट दुसरा नाही, कारण त्यांचे कवच वाढते ते उघड्यावर, कडेकडेने, आणि आधी बांधलेला जवळजवळ प्रत्येक थर मागे शिल्लक ठेवून.

कवच वाढते कसे, हा प्रश्न फार जुना आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेओमूर याने १७०९ मध्ये त्याचे उत्तर प्रयोगाने शोधले. त्याने गोगलगायींच्या कवचाला भोक पाडले आणि कवच व शरीर यांच्यामध्ये पातळ त्वचेचा तुकडा सरकवला. कवच स्वतःच्या आतून, झाडासारखे वाढत असते तर भोकाच्या कडांपासून ते भरत आले असते. प्रत्यक्षात नवे कवच त्या त्वचेच्या आतल्या, म्हणजे प्राण्याच्या बाजूला तयार झाले. कवचाचा माल शरीरातून पाझरतो आणि बाहेर घट्ट होतो, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढे १७९९ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हॅचेट याने निरनिराळे शिंपले आम्लात टाकले. खनिज विरघळून गेले, पण मोत्याची झाक असलेल्या शिंपल्यांत मूळच्या आकाराचा मऊ पापुद्रा मागे राहिला. खनिजाच्या आत एक सेंद्रिय जाळी असते हे तेव्हा प्रथम नीट दिसले. आजच्या संशोधनाचे दोन्ही धागे, पाझर आणि जाळी, या दोन प्रयोगांत आहेत.

पाझरणारा अवयव म्हणजे प्रावार. शिनाणे उकडून उघडले की दोन्ही शिंपांच्या आतून चिकटलेला जो पातळ पडदा दिसतो, तोच हा. त्याच्या कडेला घड्या असतात. बाहेरच्या आणि मधल्या घडीमधल्या खाचेतून प्रथम एक चिवट प्रथिनांचा पापुद्रा बाहेर पडतो आणि तो कवचाच्या कडेवर ताणला जातो. शिनाण्याचा हिरवा रंग या पापुद्र्याचा असतो. हा पापुद्रा बाहेरचे पाणी अडवतो आणि खनिज बसायला पहिली पाटी पुरवतो. त्याच्या आतल्या बाजूला, पापुद्रा आणि प्रावार यांच्यामध्ये, द्रवाचा अतिशय पातळ थर असतो. कवच घडण्याची जागा ती. समुद्रापासून तोडलेली आणि प्राण्याने आपल्या मर्जीप्रमाणे राखलेली ही एक बंद कोठडी असते.

या कोठडीत काय घडते ते कागदावर सोपे दिसते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेव्हा कॅल्शियमची टंचाई नसते. कार्बोनेटचा पुरवठा पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून आणि प्राण्याच्या स्वतःच्या श्वसनात तयार होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधून होतो. पण कॅल्शियम आणि बायकार्बोनेट यांची गाठ पडून कॅल्शियम कार्बोनेट तयार होते तेव्हा प्रत्येक रेणूमागे एक हायड्रोजन आयन मोकळा होतो. तो तिथेच साचला तर द्रव आम्लधर्मी होतो आणि नुकताच बसलेला स्फटिक विरघळू लागतो. म्हणून कवच बांधणाऱ्या प्राण्याचे खरे काम कॅल्शियम आणण्याइतकेच हे आम्ल सतत बाहेर काढण्याचे असते. पेशींच्या पडद्यातले आयनांचे पंप, आम्ल-अल्कलीचा तोल, श्वसन आणि एंझाइमे ही सगळी शरीरक्रियाविज्ञानाची प्रकरणे इथे एकाच पातळ पडद्यात एकत्र येतात. शिंपला हा विषय भूशास्त्रज्ञांच्या आणि संग्राहकांच्या हातून शरीरक्रियाविज्ञानाच्या वर्गात आला तो यामुळे.

तो तिथे आणण्यात सर्वांत मोठा वाटा कार्ल विल्बर यांचा. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठात, प्राणिशास्त्र विभागात ते शरीरक्रियाविज्ञानाचे अध्यापन आणि संशोधन करत. त्यांनी कवचाकडे पाहिले ते एका पेशीसमूहाचे उत्पादन म्हणून, आणि उत्पादन म्हटले की वेग, कच्चा माल आणि खर्च मोजता आले पाहिजेत, ही त्यांची धारणा. सुरुवात एका एंझाइमपासून झाली. कार्बोनिक अनहायड्रेज हे एंझाइम १९३३ मध्ये रक्ताच्या अभ्यासातून सापडले होते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून बायकार्बोनेट बनण्याची क्रिया एरवी संथ असते, ती हे एंझाइम विलक्षण वेगवान करते. आपल्या तांबड्या पेशी शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांपर्यंत वाहून नेतात त्या याच एंझाइमच्या बळावर. कवचासाठी बायकार्बोनेट हवे, तर प्रावारातही ते असले पाहिजे, असा तर्क होता. १९४८ मध्ये विल्बर आणि नॉर्मन अँडरसन यांनी हे एंझाइम मोजण्याची सोपी पद्धत प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी विल्बर यांच्या प्रयोगशाळेतून मृदुकाय प्राण्यांतल्या या एंझाइमवरचा निबंधही आला. अनेक जातींच्या ऊतींत ते सापडले, मात्र सर्वत्र सारख्या प्रमाणात नाही.

विल्बर-अँडरसन पद्धतीचे सौंदर्य तिच्या साधेपणात आहे. बर्फात थंड ठेवलेल्या बफर द्रावणात कार्बन डायऑक्साइडने भरलेले थंड पाणी ओततात आणि द्रावणाचा सामू, म्हणजे आम्लतेचे माप, ८.३ वरून ६.३ वर यायला किती सेकंद लागतात ते मोजतात. एंझाइम नसताना लागलेला वेळ आणि एंझाइम असताना लागलेला वेळ यांच्यातल्या फरकाला दुसऱ्या वेळेने भागले की एंझाइमची एकके मिळतात. आजही कार्बोनिक अनहायड्रेजच्या विक्रीच्या बाटलीवर त्याची ताकद विल्बर-अँडरसन एककांत छापलेली असते. रक्त, मूत्रपिंड किंवा काचबिंदूवर काम करणारे कितीतरी संशोधक हे एकक वापरतात.

एंझाइम प्रावारात असणे आणि ते कवचासाठी उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून पुढचा टप्पा होता कवच बसण्याचा वेग मोजण्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रयोगशाळांना किरणोत्सर्गी समस्थानिके मिळू लागली. लुईस जॉड्री आणि विल्बर यांनी अमेरिकी कालवावर कॅल्शियम-४५ वापरले. प्राणी उघडून प्रावार कवचाला चिकटलेला तसाच ठेवायचा, तो किरणोत्सर्गी कॅल्शियम असलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवायचा आणि कवचात किती कॅल्शियम शिरले ते मोजायचे. वाढ डोळ्यांनी दिसायला आठवडे लागले असते, तिचा वेग आता तासांच्या हिशेबाने कळू लागला. मग १९५५ मध्ये त्यांनी या मांडणीत कार्बोनिक अनहायड्रेज रोखणारी औषधे घातली आणि कॅल्शियम बसण्याचे प्रमाण घटले. एंझाइमचे काम दाखवून देण्याचा हा सरळ मार्ग होता. यांपैकी एक औषध, अ‍ॅसिटाझोलामाइड, उंच पर्वतांवर जाणाऱ्या गिर्यारोहकांना आणि काचबिंदूच्या रुग्णांना दिले जाते.

यानंतर प्रश्न आला जाळीचा. कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक मुख्यतः दोन प्रकारचे असतात, कॅल्साइट आणि अ‍ॅरॅगोनाइट. रासायनिक घटक तेच, पण अणूंची मांडणी वेगळी. अ‍ॅरॅगोनाइट थोडे अधिक घन आणि थोडे कमी स्थिर. कालवाचे कवच जवळजवळ सगळे कॅल्साइटचे, तिसरीचे सगळे अ‍ॅरॅगोनाइटचे. मोत्याच्या शिंपल्यात तर बाहेरचा थर कॅल्साइटचा आणि आतला चमकदार थर अ‍ॅरॅगोनाइटचा असतो. एकाच प्रावाराने, एकाच पाण्यातून, बोटभर अंतरावर दोन वेगळी खनिजे बनवावीत, ही साधी गोष्ट नाही. नोरिमित्सु वाटाबे या जपानी संशोधकासह विल्बर यांनी १९६० मध्ये दाखवले की आम्लाने खनिज काढून टाकलेली सेंद्रिय जाळी पुन्हा स्फटिक बनण्याच्या जागी ठेवली तर जाळीच्या प्रकाराचा परिणाम स्फटिकाच्या प्रकारावर होतो. म्हणजे जाळी खनिजाला नुसता आधार देत नाही, तर कोणते खनिज बनावे तेही ठरवते.

त्या निष्कर्षाला भक्कम पुरावा मिळायला आणखी काही दशके जावी लागली. १९७५ मध्ये स्टीव्ह वायनर आणि लेरॉय हूड यांना कवचातल्या विद्राव्य प्रथिनांत अ‍ॅस्पार्टिक आम्लाचे प्रमाण खूप जास्त आढळले. या आम्लाच्या ऋणभारित टोकांना कॅल्शियम चिकटते, त्यामुळे असे प्रथिन स्फटिकाचा पाया आखू शकते. १९९६ मध्ये इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या वायनर, लिया अदादी आणि सहकाऱ्यांनी कायटिन आणि रेशमाचे प्रथिन यांची जाळी हाताने उभी केली आणि तिच्यात कवचाच्या थरांतून काढलेली विद्राव्य प्रथिने मिसळली. अ‍ॅरॅगोनाइटच्या थरातली प्रथिने घातली तेव्हा अ‍ॅरॅगोनाइट बनले, कॅल्साइटच्या थरातली घातली तेव्हा कॅल्साइट. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी मोत्याच्या शिंपल्यातल्या नॅक्रीन नावाच्या प्रथिनाची रचना उलगडली, आणि त्यात कार्बोनिक अनहायड्रेजचा भाग मिळाला. जाळीतले एक प्रथिन स्वतःच बायकार्बोनेटचे एंझाइमही होते. विल्बर यांनी वेगवेगळे हाताळलेले दोन प्रश्न एका रेणूत जुळले.

चमकदार थर, म्हणजे मौक्तिक स्तर, हे या सगळ्या व्यवस्थेचे सर्वांत देखणे फळ. अ‍ॅरॅगोनाइटच्या सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येक दोन चकत्यांमध्ये प्रथिन-कायटिनचा अतिपातळ पापुद्रा असतो. चकतीची जाडी दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्याने परावर्तित किरण एकमेकांत मिसळतात आणि सप्तरंगी झाक येते. रंगद्रव्याचा तिथे संबंध नसतो. या थराचा चिवटपणा त्याहून मोठा. थरातून तडा जायला लागणारी ऊर्जा एकसंध अ‍ॅरॅगोनाइटच्या हजारो पट भरते, असे १९८०च्या दशकातल्या ब्रिटिश मोजमापांत आढळले. तडा चकतीपाशी वळतो, पापुद्रा ताणला जातो, चकत्या किंचित घसरतात आणि आघाताची शक्ती वाटेतच खर्ची पडते.

शंखाची युक्ती निराळी. तिथे अ‍ॅरॅगोनाइटच्या बारीक पट्ट्या प्लायवूडसारख्या एका थरात एका दिशेने आणि पुढच्या थरात आडव्या दिशेने जातात. सेंद्रिय भाग एक टक्क्याहूनही कमी असतो, तरी असा शंख सहजी फुटत नाही. प्रथिन बनवणे प्राण्याला खनिज बसवण्यापेक्षा, वजनास वजन धरून, कितीतरी महाग पडते. त्यामुळे कमी प्रथिनांत काम भागवणारी ही रचना मृदुकाय प्राण्यांत सर्वाधिक आढळावी, हे पटण्यासारखे आहे.

गोव्यातल्या वाचकांना तिसरा नमुना ओळखीचा आहे. पोर्तुगीज काळातल्या घरांच्या खिडक्यांना लाकडी चौकटीत बसवलेले अर्धपारदर्शक चौकोन प्लॅकुना प्लॅसेंटा या शिंपल्याचे असतात. हे कवच जवळजवळ ९९ टक्के कॅल्साइट असते. कॅल्साइटच्या लांबट, पातळ पट्ट्यांच्या थरांमुळे उजेड त्यातून पार होतो, आणि काच महाग असताना हा शिंपलाच तावदान म्हणून वापरला गेला. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले की टोकदार आघात झाला तर या पट्ट्यांत स्फटिकाची रचना सूक्ष्म पातळीवर उलटते, नुकसान आघाताच्या जागेपुरते राहते आणि एकसंध कॅल्साइटपेक्षा सुमारे दहापट ऊर्जा शोषली जाते. पारदर्शक चिलखत कसे बनवावे याचा धडा अभियंत्यांनी या शिंपल्यापासून घेतला. भारतात या जातीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

कवचाची सगळी माहिती प्रावाराच्या पेशींत असते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा मोत्यांच्या शेतीने दिला. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये अर्धगोल मोती मिळवले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिथेच पूर्ण गोल मोत्याची रीत बसली. एका शिंपल्याच्या प्रावाराचा चिमुकला तुकडा कापून, शिंपल्यापासूनच घडवलेल्या गोल मण्यासह, दुसऱ्या शिंपल्याच्या शरीरात ठेवायचा. तुकड्याच्या पेशी वाढून मण्याभोवती पिशवी करतात आणि परक्या शरीरातही आपले नेहमीचे काम सुरू करतात. भारतात के. अलगरस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या तुतिकोरिन केंद्रात १९७३ मध्ये असे संवर्धित मोती मिळवले. गोड्या पाण्यातल्या लॅमेलिडेन्स शिंपल्यांसाठीचे तंत्र भुवनेश्वरच्या केंद्रीय गोडे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने बसवले.

प्रावार कवच बांधतो, तसा तो मोडतोही. ओहोटीच्या वेळी खडकावरचे कालव शिंपा घट्ट मिटून बसते. आत प्राणवायू संपत जातो, प्राणी विनाऑक्सिजन श्वसनावर येतो आणि आम्ले साचतात. तेव्हा कवचाच्या आतल्या बाजूचे थोडे खनिज विरघळते आणि आम्ल निष्प्रभ करते. भरती आली की पुन्हा बांधकाम सुरू. औषधाच्या गोळीने आपण जठरातले आम्ल मारतो, त्यातला क्षार अनेकदा हेच कॅल्शियम कार्बोनेट असते. या चढउतारांच्या रेषा काही जातींच्या कवचात भरती-ओहोटीनुसार आणि ऋतूंनुसार उमटतात. आइसलंडजवळ २००६ मध्ये मिळालेल्या आर्क्टिका शिंपल्याच्या वार्षिक रेषा मोजून त्याचे वय ५०७ वर्षे ठरले. एकट्या जगणाऱ्या प्राण्यांत याहून मोठे निश्चित वय नोंदलेले नाही.

मृदुकाय प्राण्यांचे खनिज कवचापुरतेही थांबत नाही. खडकावरचे शेवाळ खरवडून खाणाऱ्या कायटन प्राण्याच्या दातांत मॅग्नेटाइट, म्हणजे लोहचुंबकाचे खनिज असते, असे हाइंझ लोवेनस्टॅम यांनी १९६२ मध्ये दाखवले. तोपर्यंत हे खनिज फक्त खडकांत, मोठ्या उष्णतेत तयार होते असे मानले जाई. टोपीच्या आकाराच्या लिंपेटच्या दातात गोथाइट या दुसऱ्या लोहखनिजाचे धागे असतात. २०१५ मध्ये पोर्ट्‌समथ विद्यापीठातल्या मोजणीत त्यांची ताणशक्ती तोवर मोजलेल्या कोणत्याही जैविक पदार्थाहून जास्त भरली.

सध्या या विषयाला सर्वाधिक निकड आली आहे ती अळ्यांमुळे. कालवाची अळी अंड्यातून आल्यावर पहिल्या दोन दिवसांत पहिले कवच बांधते. तिला अजून धड खाता येत नाही. सगळी ऊर्जा अंड्यातल्या साठ्यातून येते. २००२ मध्ये असे दिसले की हे कवच आधी स्फटिकरहित कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात बसते आणि नंतर अ‍ॅरॅगोनाइट होते. स्फटिकरहित रूप सहज विरघळते. हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो, औद्योगिक युगाच्या आधीपासून आजवर पृष्ठभागाचा सामू सुमारे ०.१ ने उतरला आहे, आणि पाण्यातले कार्बोनेट आयन घटत आहेत. मोठा शिंपला आपल्या बंद कोठडीतून जादा आम्ल उपसू शकतो, त्याला फक्त अधिक खर्च येतो. अळीपाशी तो खर्च करण्याइतका साठा नसतो. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यावर २००७ आणि २००८ मध्ये संवर्धन केंद्रांतल्या कालवाच्या अळ्या मोठ्या प्रमाणावर मेल्या. तळातून वर आलेले कार्बन डायऑक्साइडयुक्त पाणी हे कारण निघाले. केंद्रांनी येणाऱ्या पाण्यात सोडियम कार्बोनेट मिसळायला सुरुवात केल्यावर उत्पादन सावरले. आम्लाचा हिशेब जाणणाऱ्या शरीरक्रियाविज्ञानाने इथे एक उद्योग वाचवला.

विल्बर यांनी सागरी जीवशास्त्रज्ञ सी. एम. योंग यांच्यासह १९६४ आणि १९६६ मध्ये मृदुकाय प्राण्यांच्या शरीरक्रियाविज्ञानावर दोन खंडांचा ग्रंथ संपादित केला, १९८३ ते १९८८ या काळात बारा खंडांची मोठी मालिका घडवली आणि १९८९ मध्ये केनेथ सिमकिस यांच्याबरोबर जैवखनिजीकरणावर पुस्तक लिहिले. आता या क्षेत्राची साधने बदलली आहेत. २०१२ मध्ये पॅसिफिक कालव आणि मोत्याचा शिंपला या दोघांचेही जीनोम वाचून झाले. वेगवेगळ्या वंशांतल्या प्रावारांत स्रवणाऱ्या प्रथिनांची यादी ताडली तर समान नावे फार थोडी निघतात. चमकदार थर दिसायला सारखा असला तरी तो घडवणाऱ्या प्रथिनांचे संच बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे जमले असावेत. नेमके कोणते प्रथिन कोणत्या क्षणी स्फटिकाची वाढ सुरू करते आणि थांबवते, हा प्रश्न अजून खुला आहे.

शिकवण्यासाठी मात्र महागड्या यंत्रांची वाट पाहण्याचे कारण नाही. शिनाण्याची शिंप व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की बुडबुडे येत खनिज निघून जाते आणि हिरवा, लवचीक पापुद्रा हातात उरतो. हॅचेटचा प्रयोग एवढ्यात होतो. कार्बोनिक अनहायड्रेजची मोजणी करायला सामूमापक, बर्फ, सेकंदकाटा, बफर द्रावण, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी आणि बाजारातून आणलेल्या ताज्या तिसऱ्यांचा वाटलेला प्रावार पुरेसा असतो. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी हे दोन प्रयोग पदवीच्या वर्गात जरूर करून घ्यावेत, आणि जवळच्या खाडीच्या पाण्याचा सामू व क्षारता पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मोजून त्याची नोंद वर्षानुवर्षे जपावी.